अंगठा हलतो तेव्हा

आमच्याकडे उपचाराला येणाऱ्या माणसाची पहिली भेट त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी येऊन थांबते. तो खुर्चीत बसलेला असतो, हात मांडीवर सैल सोडलेला, तळवा वर. मोबाइल, किल्ल्या, बँकेची कार्डं ट्रेमध्ये काढून ठेवलेली, कानात भिकबाळी असली तर तीही. दोन्ही कानांत बोळे. मी त्याच्या डाव्या बाजूला उभी राहते आणि माथ्यावरून कानाकडे उतरणाऱ्या रेषेवर इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल टेकवते. बटण दाबलं की टक् असा कोरडा आवाज येतो. काही होत नाही. अर्धा सेंटिमीटर पुढे, पुन्हा टक्. थोडी तिरकी धरून, पुन्हा. आणि एका टक्‌ला अंगठा आपसूक उडतो.

“ताई, मी नाही हलवला.” बहुतेक जण हेच म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे नाही, स्वतःच्या हाताकडे बघतात.

या तपासणीतून यंत्राचा जोर ठरतो. प्रत्येकाच्या कवटीची जाडी वेगळी, मेंदूची उत्तेजित होण्याची तयारी वेगळी. दहा वेळा टक् केल्यावर निदान पाच वेळा अंगठा हलेल, असा कमीत कमी जोर शोधायचा आणि त्यावरून उपचाराची मात्रा बांधायची. एकदा ती सापडली की नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने मापं घ्यायची, टोपीवर खूण करायची आणि कॉइल पुढे, कपाळाच्या डाव्या बाजूला वर सरकवायची. उपचार तिथे होतो. तिथे यंत्र कितीही वाजलं तरी अंगठा हलत नाही. काहीच हलत नाही. बघणाऱ्याला दिसेल असं तिथे काही घडतच नाही.

मला जे सांगायचं आहे ते या दोन जागांमधल्या अंतराबद्दल आहे. अंगठा हलताना कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आई बघत असते, किंवा मोठा भाऊ, किंवा नुकतंच लग्न झालेली बायको. त्यांच्या डोळ्यांसमोर यंत्राने माणसाच्या इच्छेविना त्याचं बोट हलवलेलं असतं. त्यांना त्या क्षणी वाटतं, जे यंत्र बोट हलवू शकतं ते व्यसनही हलवेल. एक मालवणी आई तर उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “गो बाय, ह्या मशिनीन झिलाचा व्यसन सुटतला मां?”

मी चिंचपोकळीतल्या एका लहान खासगी मानसोपचार दवाखान्यात हे यंत्र चालवते. डॉक्टर तपासतात, मात्रा आणि जागा ठरवतात, रोजचं सत्र माझ्या हातून होतं. यंत्राचं नाव लांबलचक आहे, सगळे आरटीएमएस म्हणतात. कॉइलमधून निमिषभर मोठा विद्युतप्रवाह सोडला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि लगेच विरतं. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाचा हा खेळ, पण ताकद एमआरआयच्या यंत्राइतकी, दीड-दोन टेस्लाची. हाडाची त्याला अडचण होत नाही. बदलतं चुंबकीय क्षेत्र वाहकात वीज निर्माण करतं हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. इथे तो वाहक म्हणजे मेंदूचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर. इंग्लंडमध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये माणसाच्या डोक्यावर हे पहिल्यांदा करून दाखवलं, तेव्हाही लोकांना पटलं ते हात हलला म्हणूनच.

नातेवाइकांचा दुसरा ठरलेला प्रश्न असतो, “शॉक देणार का?” नाही. शॉक म्हणतात त्या उपचारात भूल देऊन मेंदूत मुद्दाम झटका आणतात. इथे माणूस जागा असतो, बोलू शकतो, उठून स्वतःच्या पायांनी जिना उतरतो. डोक्याच्या कातडीवर टोचल्यासारखं होतं, कधी डोकं दुखतं. सुतारपक्षी डोक्यावर येऊन बसलाय असं वाटतं, हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता पहिल्या दिवशी मीच सांगून ठेवते.

आमच्या खुर्चीत बसणारे जास्त करून नैराश्याचे रुग्ण. नैराश्यासाठी अमेरिकेच्या एफडीएने या उपचाराला २००८ मध्ये परवानगी दिली, मंत्रचळासाठी २०१८ मध्ये, सिगारेट सोडण्यासाठी २०२० मध्ये. कोकेन, मेथ, मेफेड्रोन अशा उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनासाठी तशी परवानगी नाही. डॉक्टर सगळं समजावून, लेखी संमती घेऊन, इतर उपचारांना जोड म्हणून हा उपचार देतात. तरीही गेल्या काही वर्षांत अशा व्यसनापायी येणारी मुलं वाढत गेली. परळ, लालबाग, काळाचौकी, भायखळा. घरात अजून आजोबांचा गिरणीतला बिल्ला जपून ठेवलेला, आणि नातू लोअर परळला त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत रात्रपाळीला. काय घेतोस, याला जवळजवळ सगळ्यांचं एकच उत्तर: एमडी.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. प्रयोगशाळेत ते १९२९ मध्येच तयार झालं होतं, पण कित्येक दशकं कोणी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. २००३ च्या सुमारास कोणीतरी ते पुन्हा शोधून काढलं, २०१० मध्ये ब्रिटनने बंदी घातली, आणि आपल्याकडे फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं. तोवर मुंबईत ते गल्लीगल्लीत पोचलेलं होतं. हे बाहेरून येणारं विष आहे असं समजणाऱ्यांनी कुरकुंभ आठवावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या तिथल्या औद्योगिक वसाहतीत छापा घातला, तेव्हा एका कारखान्यात शेकडो किलो मेफेड्रोन सापडलं.

ऐंशीच्या दशकात, गिरणीसंपानंतरच्या मुंबईत गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, जी घरं पोखरली त्यांच्या गोष्टी आमच्या भागात अजून सांगितल्या जातात. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं आणि १९८६ मध्ये पुण्याला ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. पण गर्दच्या गोष्टीवरून एमडीचा अंदाज बांधता येत नाही, आणि आईवडिलांची पहिली फसगत इथेच होते. गर्द घेणारा पेंगतो, कळकट होतो, घरातली भांडी विकतो. एमडी घेणारा सुरुवातीला कामाला जोमाने जातो. दोन पाळ्या करतो, जागतो, बोलतो, जिम लावतो. ही पावडर मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन यांचा लोंढा सोडते, तासा-दोन तासांत लोंढा ओसरतो आणि लगेच पुढची ओळ ओढावीशी वाटते. अशी रात्रभर. मग दोन दिवस झोप, अधाशासारखं खाणं, आणि उतरल्यावरची ती काळी उदासी. मी बोलताना जबड्याकडे बघते. दात सारखे एकमेकांवर घासून झिजलेले असतात, गालाची आतली बाजू चावून सोललेली असते. आईला वाटत असतं, पोरगा कामाच्या ताणाने दात खातो.

मग चुंबकाकडे का वळायचं? कारण हातात दुसरं काही फार नाही. गर्द आणि अफूच्या व्यसनाला ब्युप्रेनॉर्फिन आहे, मेथाडोन आहे. दारूला नाल्ट्रेक्सोन, डायसल्फिराम. तंबाखूला निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या. उत्तेजक द्रव्यांच्या तलफेवर मान्यताप्राप्त असं एकही औषध आज नाही. झोपेची, नैराश्याची, भासांची औषधं देता येतात, तलफेचं नाही. ‘डॉक्टर, एखादी गोळी द्या ना’ असं म्हणणाऱ्या बापाला रिकाम्या हाताने परत पाठवणं किती जड जातं, हे मी दाराच्या या बाजूने बघते. त्या रिकाम्या जागेत हे यंत्र आलं आहे, आणि म्हणूनच ते किती मोजूनमापून मांडायला हवं.

त्यामागचा विचार असा. कपाळाच्या मागचा मेंदूचा भाग आवर घालतो, पुढचा परिणाम डोळ्यांसमोर आणतो, ‘आज नको’ म्हणतो. दीर्घकाळ उत्तेजक द्रव्यं घेणाऱ्यांमध्ये हा भाग मंदावलेला दिसतो. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आन्तोनेल्लो बॉन्ची यांच्या गटाचं काम आलं. पायाला विजेचा झटका बसत असूनही कोकेनसाठी कळ दाबत राहणारे उंदीर होते. त्यांच्या मेंदूतला याच्याशी जुळणारा भाग प्रकाशाने जागा केल्यावर त्यांचं ते वेड कमी झालं. माणसाच्या मेंदूत प्रकाश सोडता येत नाही, चुंबक वापरता येतं. इटलीत पादुआला लुइजी गालिंबेर्ती यांच्या गटाने ते करून बघितलं. २०१६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात ३२ कोकेनग्रस्त होते. अर्ध्यांना डाव्या बाजूला चुंबकाची सत्रं, बाकीच्यांना नेहमीची औषधं. चुंबकवाल्यांची लघवीची तपासणी जास्त वेळा स्वच्छ आली, तलफही कमी झाली. वर्तमानपत्रांनी अर्थातच डोक्यावर घेतलं.

पण त्या अभ्यासात कोणाला काय मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं. खरी कसोटी असते ती लटक्या कॉइलची. आवाज तोच, टोचणंही जवळपास तेच, मेंदूपर्यंत मात्र काही पोचत नाही, आणि रुग्णाला कळत नाही आपल्याला कोणती लागली. इटलीतच फ्लॉरेन्सला अशा पद्धतीने कोकेनवर अभ्यास झाला, तो २०२१ मध्ये छापून आला. तिथे खऱ्या आणि लटक्या कॉइलमध्ये लक्षात घ्यावा असा फरक निघाला नाही. शांघायच्या ती-फेई युआन यांच्या गटाला मेथ घेणाऱ्यांमध्ये तलफ कमी झालेली दिसली. पण चीनमधले असे रुग्ण बहुतेक सक्तीच्या केंद्रांत असतात, दाराबाहेर पुडीवाला उभा नसतो. आपल्याकडे रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेत दारूवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ४५ रुग्ण, ३० जणांना खरी कॉइल, १५ जणांना लटकी, दहा सत्रं. खऱ्या कॉइलवाल्यांची दारूची तलफ जास्त कमी झाली. सिगारेटवरचा अभ्यास यांतला सगळ्यात मोठा, २६२ जणांचा. त्यात खऱ्या यंत्रावर १०० पैकी सुमारे १९ जणांनी सिगारेट सोडून दाखवली, लटक्यावर सुमारे ९ जणांनी. मेफेड्रोनसाठी आम्ही जे करतो ते कोकेन आणि मेथच्या अभ्यासांवरून उसनं घेतलेलं आहे.

१९ आणि ९ हे आकडे मी नातेवाइकांना कागदावर लिहून दाखवते. एका ओळीत १०० ठिपके काढते आणि १९ भरते, खालच्या ओळीत ९. हे तंबाखूचे आहेत, एमडीचे नाहीत, हेही लिहिते. बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर निराशा दिसते, मग विचार दिसतो. ‘म्हणजे ८१ जणांचं नाही सुटलं?’ हो. ‘आणि खोट्या मशीननेसुद्धा ९ जणांचं सुटलं?’ हो. या दुसऱ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ बोलते. कारण लटक्या कॉइलखाली बसलेला माणूसही रोज ठरलेल्या वेळी आला, कोणीतरी त्याची वाट बघत होतं, काल काय झालं ते कोणीतरी विचारलं. यातलं काहीच लटकं नव्हतं.

ज्या मालवणी आईचा वर उल्लेख केला तिचा मुलगा तिशीतला. ओळख पटू नये म्हणून त्याच्याबद्दलचे काही तपशील मी बदलले आहेत. कार्यक्रमांच्या मांडव-लाइटच्या धंद्यात, रात्रीची कामं. जागं राहण्यासाठी सुरू केलं, मग जागं राहायचं नसतानाही. त्याची सत्रं संध्याकाळी ठेवली, कारण त्याची तलफ सहा-सातच्या सुमाराला उसळायची. चिंचपोकळी स्टेशनच्या पुलावरून उतरलं की एक कोपरा लागतो, तिथे त्याला पुडी मिळायची. आता मिळत नव्हती, विकणारा केव्हाच पकडला गेला होता, तरी त्या कोपऱ्यावर त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, पोटात ढवळायचं. मग तो एक स्टेशन अलीकडे-पलीकडे करायला शिकला. दादरकडून येताना करी रोडला उतरायचं आणि भारतमाता सिनेमावरून, लालबागच्या मसाल्याच्या दुकानांच्या वासातून चालत यायचं. हा सल्ला चुंबकाचा नव्हता, त्याने आणि मी मिळून काढलेली वाट होती.

रोज कॉइल लावायच्या आधी मी एकच प्रश्न विचारायची, “रात्री झोप झाली?” ही औपचारिक विचारपूस नव्हे. या उपचाराचा सगळ्यात गंभीर धोका म्हणजे फीट येणं. तो फार विरळ आहे, पण जागरण आणि उत्तेजक द्रव्यं दोन्ही मेंदूला फीटच्या जवळ ढकलतात. रात्रभर एमडी ओढून सकाळी खुर्चीत बसणारा माणूस दोन्ही घेऊन आलेला असतो. अशा वेळी सत्र होत नाही. म्हणून खरं सांगणं त्याच्या जिवाशी बांधलेलं आहे, आणि खरं सांगितल्याबद्दल त्याला कोणी रागावणार नाही हे आधी पक्कं झालेलं असावं लागतं. घरच्यांना मी हे पहिल्याच दिवशी बजावते. ज्या घरात कबुलीनंतर शिव्या मिळतात, त्या घरातला मुलगा ‘झोपलो मस्त’ असंच सांगतो.

आणि मग श्रावण संपत आला. आमच्या भागात तेव्हा झोप हा विषयच नसतो. चिंचपोकळीचा चिंतामणी गणपती १९२० पासूनचा, त्याच्या आगमनाला आंबेडकर रोडवर मुंगीला शिरायला जागा नसते. मुलगा ढोलपथकातला. रात्री उशिरापर्यंत सराव, घरी येऊन पुन्हा मोबाइल. तो म्हणाला, “ताई, नशा नाही केली, पण झोपलो नाही.” मी सत्र पुढे ढकललं. आईला राग आला, पैसे भरलेले आणि पोरगं स्वच्छ असून मशीन का नाही? पथक सोड, असं डॉक्टर सांगतील अशी तिची अपेक्षा होती. डॉक्टरांनी तसं सांगितलं नाही, आणि मला ते पटलं. ढोल कमरेला बांधला की त्याच्या अंगात जे येतं, ते त्याला पावडरीविना मिळणारी एकच गोष्ट होती. सरावाची वेळ बदलून घेतली, पथकप्रमुखाला कारण न सांगता तब्येतीचं निमित्त पुरलं, आणि आगमनाच्या आधी-नंतर सत्रं ठेवली नाहीत. पुन्हा सुरू करताना अंगठ्याची मोजणी नव्याने केली. जागरणांनी ती खरोखर बदलली होती.

सिगारेटच्या अभ्यासातली एक गोष्ट आमच्याकडे वापरतात. सत्राच्या आधी तलफ मुद्दाम जागवायची, म्हणजे यंत्र चालू असताना मेंदूचं ते जाळं झोपलेलं नसेल. त्या अभ्यासात सिगारेटशी जोडलेल्या गोष्टी आणि फोटो दाखवत. या मुलासाठी मी एकदा रिकामी, छोटी झिपची पिशवी टेबलावर ठेवली. आत काही नाही. तो बघत राहिला, कपाळावर घाम, उजवा पाय हलायला लागला, जबडा आवळला. ‘दहापैकी किती?’ ‘आठ.’ मग कॉइल. चार सेकंद टकटक, सव्वीस सेकंद शांतता, पुन्हा चार सेकंद. अशी पाऊण तासाच्या आतबाहेरची बैठक. शेवटी विचारलं, ‘किती?’ ‘तीन.’ खूप दिवस असे आकडे मी वहीत उतरवले आहेत. पण नुसतं पाऊण तास बसल्यानेही तलफ उतरते. लाट चढते तशी ओसरते, हे त्याला तोवर कोणी दाखवलं नव्हतं, कारण आयुष्यात प्रत्येक वेळी त्याने लाटेच्या माथ्यावर पुडी फोडलेली. आठाचे तीन यंत्राने केले की घड्याळाने, हे त्या खोलीत बसून मला सांगता येत नाही. त्यासाठीच लटक्या कॉइलचे अभ्यास लागतात.

म्हणून ‘व्यसनमुक्ती, विनाऔषध, हमखास’ अशा जाहिराती बघितल्या की माझा संताप होतो. या मुलाच्या घरच्यांनी आमच्याकडे यायच्या आधी असंच एक पॅकेज घेतलं होतं, कुठे ते लिहिण्याचं कारण नाही. तिथे त्यांना अंगठा हलवून दाखवला आणि म्हणाले, बघा, मेंदू आमच्या ताब्यात आला. अंगठा हलला याचा अर्थ नस आणि कॉइल यांची गाठ पडली, एवढाच. सत्रांचे पैसे माणशी हजारांत जातात. बहुतेक विमा योजनांत रुग्णालयात भरती झाल्याशिवाय दावा बसत नाही, आणि हा उपचार तर येऊन-जाऊन करायचा. चाळीतलं कुटुंब हे पैसे दागिन्यांतून, पतपेढीतून, गावच्या कलमांच्या आगाऊ रकमेतून काढतं. त्यांना खोटी खात्री विकणं हा मला गुन्हाच वाटतो, मग तो कुठल्या कायद्यात बसो न बसो.

कायद्याची भीती हा आणखी एक अडसर. ‘मॅडम, पोलिसांना कळवणार का?’ हे दबक्या आवाजात विचारलं जातं. सेवन हा एनडीपीएस कायद्यात गुन्हा आहेच. पण त्याच कायद्याच्या ६४ अ कलमात, स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यापासून संरक्षण दिलं आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणून मी खासगी दवाखान्यात काम करूनही लोकांना परळच्या केईएमचा मानसोपचार विभाग सांगते, १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन सांगते. आणि मनापासून वाटतं की चुंबकाचा एमडीवरचा नीट अभ्यास, लटकी कॉइल ठेवून, इथल्या पालिकेच्या रुग्णालयांतच व्हावा. पुड्या इथे विकल्या जातात, रुग्ण इथले, तर उत्तर पादुआ आणि शांघायवरून का उसनं घ्यायचं?

त्या मुलाची ठरलेली सत्रं संपली तेव्हा तो बराच सावरलेला होता. आईला दुसरा कोर्स हवा होता. एफडी मोडायची तयारी होती, पावती पिशवीत घेऊनच आली होती. डॉक्टरांनी आणि मी, दोघांनी नको म्हटलं. उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनात सगळ्यात भक्कम पुरावा ज्या उपायाच्या मागे आहे, तो यंत्राचा नाहीच. तो साधा आहे: ठरावीक दिवशी लघवीची तपासणी, स्वच्छ आली की लगेच छोटं बक्षीस, पुढच्या वेळी थोडं मोठं. मी तिला सांगितलं, एफडी मोडू नका, तिच्या व्याजातून हे करा.

ती उसळली. “नशा केल्यान नाय म्हणान तेका पैशे देवचे? ह्या खयचा शास्त्र?”

तिचा प्रश्न रास्त होता, आणि तो सुटायला वेळ लागला. आधी तपासणीचीच अडचण, कारण नेहमीच्या अॅम्फेटामिनच्या पट्टीवर मेफेड्रोन भरवशाने दिसत नाही, प्रयोगशाळेकडून वेगळी तपासणी करून घ्यावी लागते आणि तिचा खर्च आहे. मग रोख पैसे द्यायला तिचा हात धजेना. रोख पैसा म्हणजे पुडी, हे तिचं अनुभवाचं गणित, त्यात ती चूक नव्हती. शेवटी तिनेच तोड काढली. मुलाला स्वतःचा ढोल घ्यायचा होता. स्वच्छ अहवाल आला की ती त्या आठवड्याची रक्कम थेट ढोलवाल्याकडे जमा करणार, पावती मुलाच्या हातात देणार. मोठ्या भावाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रकमा लिहायचं काम घेतलं.

मधे एकदा अहवाल खराब आला. आई रडत रडत दवाखान्यात आली, मुलगा खाली रस्त्यावरच उभा राहिला. त्याला वर बोलावलं, काय झालं ते तिघांसमोर बोलून झालं. कोणाचं तरी लग्न, कोणीतरी आग्रह केलेला. त्या आठवड्याची रक्कम जमा झाली नाही. आधी भरलेले पैसे ढोलवाल्याकडे तसेच राहिले, ते कोणी काढून घेतले नाहीत. भावाने कॅलेंडरवर नव्याने सगळ्यात लहान रक्कम लिहिली. पुढच्या स्वच्छ अहवालापासून पुन्हा तिथून चढत जायचं, हाच या पद्धतीचा नियम आहे.